एचआयव्हीबाधितांतील राजयक्ष्मा आणि आपली जबाबदारी

राजयक्ष्म्यास आपल्या शास्त्रकारांनी रोगांचा राजा म्हटले, ते केवळ अलंकार म्हणून नव्हे. चरकाचार्यांनी साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन ही त्याची चार कारणे सांगितली. सुश्रुताचार्यांनी कुष्ठनिदानात शोषाची गणना औपसर्गिक रोगांत, म्हणजे एका माणसाकडून दुसऱ्याकडे संक्रांत होणाऱ्या रोगांत केली. पुढे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगासमोर ठेवला. बीज आणि क्षेत्र या परिभाषेत बोलावयाचे तर कॉख यांनी बीज दाखविले आणि आपल्या आचार्यांनी मुख्यतः क्षेत्राचा विचार केला. एचआयव्ही हा विषाणू नेमका या क्षेत्रावरच आघात करतो. ज्या पेशींच्या बळावर शरीर क्षयजंतूला वर्षानुवर्षे दाबून ठेवते, त्या सीडी-४ पेशीच तो नष्ट करतो. त्यामुळे एचआयव्हीबाधितांस क्षय होण्याची शक्यता इतरांच्या दसपटीहूनही अधिक असते, आणि या रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आजही क्षय हेच आहे.

या विषयावर तज्ज्ञांचे लेख पुष्कळ आहेत. आम्हांस येथे एकच मुद्दा मांडावयाचा आहे. ग्रामीण भागात असा रुग्ण सर्वप्रथम आपल्याकडे, म्हणजे आयुर्वेद पदवीधर वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानी येतो. त्याचा जीव वाचेल की नाही, हे पुष्कळदा आपल्या दारात किती आठवडे गेले यावर ठरते. म्हणून लवकर शंका घेणे आणि विनाविलंब तपासणीस पाठविणे हीच या व्याधीतील आपली पहिली चिकित्सा होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कळवण परिसरातील वास्तव

आमचे कार्यक्षेत्र कळवण तालुक्याचे. गिरणा आणि पुनद यांच्या खोऱ्यातील बागायती गावे एका बाजूस आणि अभोणा, कनाशी, दळवट या पट्ट्यातील व त्यापलीकडे सुरगाण्याच्या हद्दीवरील आदिवासी पाडे दुसऱ्या बाजूस, असे या तालुक्याचे दोन चेहरे आहेत. पावसाळा सरला की पाड्यांवरील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जातात. कित्येक महिने मुक्काम बागेच्या कडेच्या झोपडीत, जेवण मिळेल तेव्हा आणि मिळेल ते. चरकोक्त चार कारणांपैकी साहस आणि विषमाशन यांचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. अशा माणसास एचआयव्हीची बाधा असेल आणि ती त्यास ठाऊकही नसेल, तर पुढचा मार्ग बहुधा ठरलेला असतो.

तो मार्ग आपण सर्वांनी पाहिला आहे. ताप आणि अशक्तपणा म्हणून रुग्ण बागेजवळच्या दवाखान्यात सुई टोचून घेतो. चार दिवस बरे वाटते. पुन्हा ताप येतो, तेव्हा दुसरीकडे प्रतिजैविके मिळतात. खोकला असला तर दुकानातून बाटली येते. गावी परतल्यावर मानेत गाठ दिसते, तिला लेप लागतो. कोणीतरी थुंकी तपासावयास सांगतो, तीत जंतू दिसत नाहीत आणि ‘क्षय नाही’ असा निर्वाळा घेऊन रुग्ण निश्चिंत होतो. तीन महिन्यांनी तो उचलून आणावा लागतो. या साखळीतील प्रत्येकाने आपल्या परीने उपचारच केलेला असतो, तरी सर्वांनी मिळून त्याचे तीन महिने घालविलेले असतात.

एकादश रूपांची वाट पाहू नये

आपल्या ग्रंथांत राजयक्ष्म्याची त्रिरूप, षड्रूप आणि एकादशरूप अशी वर्णने आहेत. चरकाचार्यांच्या त्रिरूपात खांदे व पार्श्व यांतील पीडा, हातापायांच्या तळव्यांचा दाह आणि सर्वांगगत ज्वर ही तीन लक्षणे येतात. त्यात कास नाही, रक्तष्ठीवनही नाही. विद्यार्थिदशेत आपण हे पाठ केले, परंतु व्यवसायात क्षय म्हटले की खोकला आणि रक्त हीच प्रतिमा मनात ठसली. एचआयव्हीबाधितांत ही प्रतिमा दगा देते. या रुग्णांत फुप्फुसात पोकळी होण्याचे प्रमाण कमी असते. त्यामुळे थुंकीत जंतू थोडे उतरतात, खोकला अल्प असतो किंवा नसतोच. क्ष-किरण चित्र कधीकधी निर्दोष दिसते. उलट मानेतील व उदरातील ग्रंथी, फुप्फुसावरण आणि मस्तिष्कावरण येथील क्षय अधिक आढळतो. ज्याची प्रतिकारशक्ती अधिक खालावली, त्याची लक्षणे अधिक अस्पष्ट, असा हा उलटा न्याय आहे.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली एचआयव्हीबाधितांसाठी चार साधे प्रश्न निश्चित केले. सध्या खोकला आहे काय? ताप येतो काय? वजन घटले आहे काय? रात्री घाम येतो काय? चारांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर क्षयाची तपासणी करावयाची. इतर रुग्णांत आपण दोन आठवड्यांच्या खोकल्याची अट पाळतो. एचआयव्हीबाधितांत ती अट नाही, कालपासूनचा खोकलाही पुरेसा आहे. हे प्रश्न विचारण्यास ना यंत्र लागते ना शुल्क. ज्वर, कार्श्य, स्वेद आणि कास यांची पृच्छा तर आपल्या रोगीपरीक्षेचाच भाग आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. क्षयाचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी व्हावयास हवी. वारंवार येणारे मुखपाक, नागीण, दीर्घकालीन अतिसार, कारणावाचून कार्श्य अशी लक्षणे एकत्र दिसली, तर ओजःक्षय एवढे नाव देऊन थांबू नये. त्या ओजःक्षयाचे कारण शोधावे.

निदान : काय सांगावे, काय टाळावे

एचआयव्हीबाधित संशयित क्षयरुग्णास केवळ सूक्ष्मदर्शकाखालील थुंकी तपासणीवर सोडू नये. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जनुकीय तपासण्या थोड्या जंतूंचाही माग काढतात आणि रिफाम्पिसिन या प्रमुख औषधास जंतू दाद देतो की नाही हेही सांगतात. सीबीनॅटला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या अखेरीस मान्यता दिली. ट्रूनॅट हे तर भारतात विकसित झालेले यंत्र असून ते विजेरीवरही चालते. २०२० साली त्यासही ही मान्यता लाभली. थुंकी नसेल तर ग्रंथीतून सुईने काढलेला द्रव किंवा पाठीच्या कण्यातील पाणी यांचीही तपासणी या पद्धतीने होते. ज्यांची सीडी-४ संख्या फार खालावली आहे किंवा प्रकृती गंभीर आहे, त्यांच्या मूत्रातील क्षयजंतूचा अंश ओळखणारी लॅम नावाची चाचणीही उपलब्ध आहे. चाचणी नकारात्मक आली तरी लक्षणे कायम असतील तर रुग्णास पुन्हा पाठवावे. एक कागद म्हणजे निर्वाळा नव्हे.

काही गोष्टी निक्षून टाळाव्यात. रक्तातील प्रतिद्रव्यांवरून क्षय ठरविणाऱ्या चाचण्यांवर केंद्र सरकारने २०१२ सालीच बंदी घातली आहे. मांटू चाचणी क्षीण प्रतिकारशक्तीच्या रुग्णात क्षय असूनही नकारात्मक येऊ शकते. लिव्होफ्लॉक्सासिन आणि त्याच्या कुळातील प्रतिजैविके खोकल्यासाठी सर्रास दिली जातात. ती क्षयजंतूला अर्धवट दाबतात, रुग्णास तात्पुरता उपशय मिळतो आणि निदान लांबते. स्टेरॉइडची सुई अथवा गोळी तर ज्वर झाकून रोग वाढविते. उपशय हा निदानपंचकातील एक घटक खरा, पण तो फसवाही असतो, हे येथे विसरून चालणार नाही.

चिकित्सा आणि आपले स्थान

क्षयाची मूळ चिकित्सा जंतुनाशक औषधांनीच करावयाची, याविषयी संदिग्धता नको. औषधांस दाद देणाऱ्या क्षयात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे, दररोज, वजनानुसार, अशी सहा महिन्यांची योजना आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे विनामूल्य मिळतात. एचआयव्हीविरोधी औषधे, ज्यांस आपण एआरटी म्हणतो, तीही १ एप्रिल २००४ पासून शासनाकडून विनामूल्य दिली जातात. क्षयाची औषधे आधी सुरू करावयाची आणि एआरटी नसेल तर ती त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत सुरू करावयाची, असा आजचा दंडक आहे. केवळ मस्तिष्कावरणाच्या क्षयात ती चार ते आठ आठवडे लांबविली जाते. रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅव्हिर या प्रमुख एआरटी औषधाची रक्तातील मात्रा घटते. म्हणून अशा रुग्णास ते दिवसातून एकदा न देता दोनदा दिले जाते. हा हिशेब एआरटी केंद्राचा आहे, परंतु रुग्ण दोन्हीकडची औषधे घेतो की नाही हे विचारणे आपले काम आहे.

आपल्या दारात या रुग्णाचे दोन प्रसंग हमखास येतात. पहिला प्रसंग असा की एआरटी सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांत ताप उसळतो, गाठी वाढतात. रुग्ण म्हणतो, ‘औषध बाधले, बंद करतो, तुमचे द्या.’ बहुधा ही प्रतिकारशक्ती पुन्हा जागी झाल्याने उद्भवलेली प्रतिक्रिया असते. तेथे औषधे बंद करविणारा वैद्य रुग्णाचे अपरिमित नुकसान करतो. त्यास धीर देऊन त्याच दिवशी केंद्राकडे पाठवावे. दुसरा प्रसंग कामलेचा. क्षयाची तीन औषधे यकृतावर भार टाकतात. केवळ मूत्र नारिंगी झाले असेल तर तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, भिण्याचे कारण नाही. परंतु नेत्र पीत झाले, ओकाऱ्या होऊ लागल्या, अन्नद्वेष वाढला तर आरोग्यवर्धिनी देऊन वाट पाहू नये. क्षयाची औषधे तात्काळ थांबवून रुग्णास रुग्णालयात पाठवावे. दृष्टी मंदावल्याची तक्रार असेल तर इथॅम्ब्युटॉलचा, हातापायांस मुंग्या येत असतील तर आयसोनियाझिडचा विचार करून कळवावे.

मग आयुर्वेदास येथे काहीच स्थान नाही काय? अवश्य आहे. बल व मांस टिकून असेल तर बहुलक्षणी रुग्णही साध्य आणि ते गेले असेल तर अल्पलक्षणी रुग्णही दुःसाध्य, हा चरकाचार्यांचा निर्णय आजच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांस पूरक आहार देऊन झालेला मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ आहाराने कुटुंबीयांतील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्याचे दिसले. बृंहण हा आपला जुना विषय आहे. मांसरस, शेळीचे दूध, अंडी, मूग, भुईमूग, नागली यांची योजना रुग्णाच्या अग्नीप्रमाणे व ऐपतीप्रमाणे कशी करावी, हे सांगण्यास आपल्याइतका जवळचा माणूस रुग्णास दुसरा नाही. शासनाच्या निक्षय पोषण योजनेतून एप्रिल २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार झाले आहेत. आपल्या रुग्णाच्या खात्यात ते जमा होतात की नाही, याची चौकशी करणे हाही पथ्यविचारच आहे. त्याचबरोबर यक्ष्म्यात मलाचे रक्षण करावे, हा शास्त्रादेश ध्यानी ठेवून क्षीण रुग्णाचे वमन-विरेचन करण्याचा मोह टाळावा.

भस्मे, पिप्पली आणि सावधगिरी

औषधांच्या परस्परसंबंधाविषयी आपल्या वर्तुळात पुरेशी चर्चा होत नाही. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम ही द्रव्ये डोल्युटेग्रॅव्हिरला आतड्यातच बांधून ठेवतात व त्याचे शोषण घटवितात. म्हणून हे औषध अशा गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे, असा नियम आहे. आपली प्रवाळ, शंख, कपर्दिक ही भस्मे कॅल्शियमची, तर मंडूर व लोहभस्म लोहाची. तेव्हा हाच नियम त्यांसही लावणे शहाणपणाचे. क्षयाच्या औषधांमुळे जो रुग्ण सकाळी आठ व रात्री आठ अशा दोन वेळा डोल्युटेग्रॅव्हिर घेतो, त्यास असे भस्म द्यावयाचे असेल तर सकाळी दहा ते दुपारी दोन एवढाच अवकाश उरतो. पंचकोल, कल्प, वटी यांची गर्दी करण्यापूर्वी हे गणित मांडावे.

पिप्पलीची कथा अधिक बोधप्रद आहे. जम्मू येथील शासकीय प्रयोगशाळेच्या संशोधनातून पिप्पलीतील पायपरीन या घटकाच्या योगाने रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारे संयुक्त औषध तयार झाले व त्यास २००९ साली मान्यता मिळाली. आपल्या योगवाही कल्पनेचा हा सन्मानच होय. परंतु सशांवरील प्रयोगांत त्रिकटूमुळे आयसोनियाझिडची रक्तातील मात्रा उलट कमी झाल्याचे आढळले आहे. शुद्ध घटक वेगळा आणि चूर्ण वेगळे. लसणाच्या गोळ्यांनी साक्विनाव्हिर या जुन्या एचआयव्हीविरोधी औषधाची रक्तातील मात्रा निम्म्यावर आल्याचेही नोंदले गेले आहे. ‘वनस्पतीच तर आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य निदान वैद्याच्या तोंडी शोभत नाही. अशा रुग्णास आपण जे देतो ते लिहून द्यावे, म्हणजे केंद्रातील वैद्यकास ते कळेल.

औषधविक्रेते बंधूंस

एकाच ग्राहकाने खोकल्याची तिसरी बाटली मागितली, हे दुकानदारासच प्रथम कळते. त्या क्षणी ‘किती दिवस झाले? वजन उतरले काय?’ असे दोन शब्द विचारून त्यास तपासणीची वाट दाखविणे हे कोणत्याही विक्रीहून मोलाचे आहे. क्षयाची औषधे मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीवाचून ती देता येत नाहीत, आणि वैद्य, रुग्ण व मात्रा यांची नोंद तीन वर्षे जपावी लागते. रुग्णाची माहिती शासनास कळविणे खासगी वैद्यांवर मे २०१२ पासून आणि औषधविक्रेत्यांवर मार्च २०१८ पासून बंधनकारक आहे. या नोंदीकडे जाच म्हणून न पाहता, औषध मध्येच सोडणाऱ्या रुग्णापर्यंत पोहोचण्याचा धागा म्हणून पाहावे.

गुप्तता आणि भाषा

छोट्या गावात एचआयव्हीची वार्ता रुग्णाच्या आधी घरी पोहोचते. म्हणूनच काही रुग्ण जवळचे केंद्र सोडून पाऊणशे किलोमीटरवरील नाशिक गाठतात, आणि एखादा महिना मजुरी बुडेल म्हणून जातच नाहीत. २०१७ चा एचआयव्हीविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संमतीवाचून तपासणी करता येत नाही, बाधेची माहिती उघड करता येत नाही आणि उपचारांत भेदभाव करता येत नाही. केसपेपरवर ठळक अक्षरांत रोगाचे नाव लिहिणे, प्रतीक्षागृहात मोठ्याने विचारणे, दुकानात गिऱ्हाइकांसमोर गोळीचे नाव पुकारणे हे सारे त्यात मोडते. चंद्राच्या यक्ष्म्याची कथा आपण शिकलो, पण तिच्या आधाराने रुग्णाच्या चारित्र्याचा निवाडा करण्याचा अधिकार कोणत्याही आचार्याने आपणांस दिलेला नाही. पतीकडून बाधा झालेल्या विधवेस आणि जन्मतः बाधित बालकास कोणता दोष द्यावयाचा?

संघटनेपुढे काही सूचना

शेवटी एका अप्रिय विषयास स्पर्श करणे भाग आहे. एड्स व क्षय बरे करण्याचे दावे करणारी माहितीपत्रके अद्याप आपल्या दवाखान्यांत येतात. क्षयावरील अशा जाहिरातींस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने मनाई आहे, आणि औषध नियमांतील जे अनुसूचीत एड्सचे नाव आहे. पण केवळ कायद्याच्या भयाने नव्हे, तर अशा दाव्यावर विसंबून रुग्ण एआरटी सोडतो आणि काही महिन्यांत जातो, म्हणून आपण त्यांस थारा देऊ नये. एका खोट्या दाव्याने आयुर्वेदाची जी अप्रतिष्ठा होते ती शंभर खऱ्या गुणांनी भरून निघत नाही.

आमच्या सूचना थोडक्या आहेत. प्रत्येक सभासदाने चार प्रश्नांचा तक्ता आपल्या मेजावर ठेवावा. पाठविलेल्या प्रत्येक रुग्णास चिठ्ठी द्यावी आणि आठवड्याने तो पोहोचला की नाही याची चौकशी करावी. तालुका शाखांनी वर्षातून एकदा क्षयरोग पथक व एआरटी केंद्रातील वैद्यकांस निमंत्रित करून परस्पर परिचय वाढवावा. या त्रैमासिकाने अशा दाव्यांच्या जाहिराती न स्वीकारण्याचा ठराव करावा.

भारताने २०२५ पर्यंत क्षय हटविण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते साधले नाही आणि जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आजही आपल्या देशात आहेत. हे मोठे आकडे बदलणे आपल्या हाती नाही. परंतु ताप आणि घटलेले वजन घेऊन आज दुपारी पायरी चढणारा मजूर उद्या सकाळी तपासणी केंद्रात असावा, एवढे मात्र आपल्या हाती निश्चित आहे. तेवढे प्रत्येक वैद्यबंधूने व औषधविक्रेत्याने करावे, अशी आमची नम्र विनंती आहे.